पहाटे पाचचं गाणं

नगर म्हटलं की पुणेकरांना काय आठवतं? शिर्डीला जाताना लागणारं गाव. शनिशिंगणापूरला जाताना लागणारं गाव. वेरूळला जाताना चहाला थांबायचं गाव. नगर कायम असं 'जाताना' लागतं. मुद्दाम तिथे कुणी जात नाही. ऑफिसमध्ये 'वीकएंडला नगरला चाललेय' असं सांगून बघा. समोरचा आधी 'लग्न आहे का कुणाचं?' असंच विचारणार.

२०२४ साली सरकारदरबारी नाव अहिल्यानगर झालं, पण एसटी स्टँडवर अजूनही 'नगर, नगर, नगर' अशीच हाक ऐकू येते. तर या नगरला मी जानेवारीतल्या एका शनिवारी मुद्दाम गेले. किल्ला बघायला नाही (नेहरूंनी १९४२ ते ४५च्या कैदेत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, तोच हा किल्ला), चांदबीबीचा महाल बघायला नाही आणि भेळ खायलाही नाही. भेळ खाल्ली, तो भाग वेगळा. मी गेले ते एका आजींचं गाणं ऐकायला.

या आजी माझ्या मास कॉमच्या मैत्रिणीच्या. मैत्रीण सध्या हिंजवडीत एका कंपनीचं सोशल मीडिया सांभाळते. तिचं घर नगरचं, मराठी ख्रिस्ती. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, मिशनच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. 'आजी रोज पहाटे पाचला एकटीच गाते. चर्चमध्ये नाही, घरात, खाटेवर बसून. कुणी ऐकावं म्हणूनही नाही. तू एकदा ये,' असं ती दोन वर्षं म्हणत होती. मग गेल्या महिन्यात म्हणाली, 'आता येच. आजीला पुस्तकातलं दिसेनासं झालंय. आणि मला तिच्याकडून एक चाल रेकॉर्ड करून हवीये. ती मला नाही म्हणते, पाहुण्यांना कदाचित नाही म्हणणार नाही.'

थोडक्यात, मला आमंत्रण होतं ते वशिला म्हणून!

सलाम, पोरी

'सलाम, पोरी,' आजी दारातच म्हणाल्या. मराठी ख्रिस्ती घरांत जुनी मंडळी एकमेकांना सलामच करतात. मला त्याची गंमत वाटली. माझ्याकडून 'नमस्कार आजी' गेलं, ते त्यांनी तितक्याच सहज ठेवून घेतलं.

घर बैठं, मागे शेवग्याचं झाड, भिंतीवर कॅलेंडर आणि शेजारी मैत्रिणीच्या बाबांचा हार घातलेला फोटो. कॉटच्या उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक. 'उपासना संगीत'. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं हे गायनाचं पुस्तक. शेकडो गीतं, फक्त शब्द. सारेगम नाही, पाश्चात्त्य नोटेशन नाही. फार तर वर रागाचं किंवा चालीचं नाव. मग चाल कुठे असते? गळ्यात. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. त्यामुळे होतं काय, तेच गीत नगरला एका चालीत, सोलापूरला दुसऱ्या आणि जालन्याला तिसऱ्या. आणि कधी कधी एकाच गल्लीतल्या दोन घरांत दोन चाली, दोन्ही घरांचा दावा की आमचीच मूळची.

आजींच्या घरची एका गीताची अशी खास चाल आहे. त्यांच्या आईकडून आलेली. मैत्रिणीला हवी होती ती हीच. यू-ट्यूबवर मराठी ख्रिस्ती गीतांचा आज खच पडलाय, हेही गीत तिथे चार-पाच प्रकारांत आहे. पण ही चाल कुठेच नाही.

मी संध्याकाळी चहाबरोबर हळूच विषय काढला. फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डर सुरू करू का विचारलं. आजींनी फोनकडे अंदाजाने पाहिलं.

'ते गाणं नाही गं, प्रार्थना आहे. तुझी आई देवापुढे बसली की तू टेप लावतेस का?'

आता यावर काय बोलणार?

टिळकांचा पूल

गाणं आणि प्रार्थना यांत फरक करायचाच नाही, ही ख्रिस्ती धर्मात काही नवी गोष्ट नाही. बायबलमधली स्तोत्रसंहिता म्हणजे दीडशे गाणीच. त्यातली कितीतरी एकट्या माणसाची. कुणी आजारी, कुणी शत्रूंनी घेरलेला, कुणाला झोप नाही, कुणी सरळ देवाशी भांडतोय. नव्या करारात पौल आणि सीला तुरुंगात, पायांत खोडे, मध्यरात्री गात बसलेत आणि बाकीचे कैदी ऐकतायत. चर्च, कॉयर, ऑर्गन हे सगळं मागाहून आलं.

मराठीत मात्र हे गाणं जरा अडखळतच आलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला पोचले. येताना आपली गाणीही घेऊन आले. इंग्रजी गीताचं मराठी भाषांतर करायचं आणि मूळच्याच ट्यूनवर बसवायचं, असा साधा फंडा. प्रॉब्लेम असा की इंग्रजी गीत चालतं आघातांवर, मराठी चालतं अक्षरांवर आणि मात्रांवर. ट्यूनचा ठोका जिथे पडतो तिथे मराठी शब्दाचा नेमका 'च्या' किंवा 'ला' येऊन बसतो. ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं. 'दिन'चा 'दीन' होतो, दिवस एकदम गरीब होऊन जातो. 'सुत' म्हणजे मुलगा, तो लांबवला की झालं 'सूत'! आजी मास्तरीण असल्यामुळे हे सांगताना त्यांना भलताच आनंद होत होता. 'लहानपणी आम्ही हसायचो आणि मार खायचो,' म्हणाल्या. अभंगातही गाणारा अक्षर लांबवतोच, पण कुठलं लांबवायचं ते तो ठरवतो. ट्यूनमध्ये ते ट्यून ठरवते.

गोव्यात हा पेच दोनशेहून जास्त वर्षं आधीच सुटला होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून झालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. गाऊन वाचायच्या. पण ते कॅथलिक, तेही पोर्तुगीज अमलातलं. नगरच्या प्रॉटेस्टंट मिशनला आपली वाट स्वतःच शोधावी लागली. आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं रचली आणि उभी केली. मग आले नारायण वामन टिळक.

टिळक शाळेच्या पुस्तकामुळे आपल्याला 'फुलांमुलांचे कवी' म्हणून माहीत. माणूस कोकणातला चित्पावन ब्राह्मण, जन्म १८६१चा. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील असं भाकीत केलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरात काय वादळ उठलं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचा. (खरंच वाचा. मी नेटफ्लिक्सच्या तीन सीरिज अर्धवट टाकून वाचलं.) काही वर्षं ताटातूट, मग लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या आणि १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे राहून गेले. म्हणजे आधुनिक मराठी कवितेचा एक अख्खा कोपरा या बायपासच्या गावात होता.

टिळक म्हणायचे की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या पुलावरून. त्यांनी भाषांतरं बाजूला ठेवली आणि अभंग, ओव्या, पदं लिहायला घेतली. ख्रिस्ताला 'माउली' म्हणाले. 'उपासना संगीता'त दोनशेहून जास्त गीतं त्यांची आहेत. पुढे निकोल मॅक्निकोल यांनी त्यांच्यातल्या काहींचं इंग्रजी केलं, त्यातलं एक परदेशातल्या गायनाच्या पुस्तकांतही गेलं. गाडी उलटी फिरली!

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती वेगळीच गोष्ट, जी आजींनी बोट ठेवून दाखवली. म्हणजे खरोखरच बोट ठेवून. अक्षरं दिसत नाहीत, पण कुठलं गीत कुठल्या पानावर कुठे आहे ते बोटाला माहीत आहे. भाषांतरातली जुनी गीतं बहुतेक 'आम्ही'ची आहेत, म्हणाल्या. आम्ही येतो, आम्ही स्तवतो, आम्हांला तार. टिळकांची बघ. 'मी'. आणि समोर 'तू'. मधे कुणी नाही.

'ती चर्चसाठी लिहिलीच नाहीत. चर्चने घेतली ती नंतर,' असं त्यांचं ठाम मत. इतिहासाचे प्राध्यापक यावर वाद घालतील. मला मात्र पटलं. अभंगाचं मूळ तेच. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा तो ठेका एकट्या माणसाला सहज पेलतो. पेटी नको, चार आवाज नकोत. ओवी तर जात्यावरचीच, आणि ओवीचा ग्रंथराज ज्या नेवाशाला १२९० साली रचला गेला, ते नेवासं याच जिल्ह्यातलं.

दाराबाहेरची माणसं

आजींचं घराणं त्या नेवाशाजवळच्या एका खेड्यातलं. टिळकांसारख्या ब्राह्मण कन्व्हर्टच्या गोष्टी गाजल्या, पण नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती हे महार आणि मांग समाजातून आलेले. कुणी शाळेसाठी आलं, कुणी १८७६ आणि १८९६नंतरच्या दुष्काळांत मिशनने जगवलं म्हणून, कुणी गावकीच्या जाचाला कंटाळून. आजी हे लपवत नाहीत आणि मिरवतही नाहीत. (ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीचा दर्जा जातो, हा १९५०च्या आदेशाचा नियम. त्यावर त्यांचा मुलगा आयुष्यभर अर्ज करत राहिला. त्यावर एक स्वतंत्र लेख होईल.)

'माझी आजी भजनं म्हणायची. बाप्तिस्म्याच्या आधीपासून. पंढरीला जाऊन आलेली, पण देव नाही बघितला.'

म्हणजे?

'आमच्यांना आत कुठे सोडत होते?'

पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं ते १९४७ साली, सानेगुरुजींच्या उपोषणानंतर. तोवर चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेर, आणि चोखोबांची माणसंही बाहेर. आजींची आजी बाहेर उभी राहून गायली आणि परत आली. पुढे ती ख्रिस्ती झाली. शेजारणींनी विचारलं, आता भजन सुटलं का? तर म्हणे, 'भजन कशाला सुटेल? ते कुठे त्यांच्या घरचं होतं?'

हे वाक्य ऐकून मी जरा गप्प बसले. माझ्या घरी गणपतीत टिपिकल पुणेरी आरत्या होतात, आजोबा हरिपाठ म्हणायचे. मला लहानपणापासून वाटायचं की ख्रिस्ती अभंग म्हणजे 'आपल्याकडून घेतलेलं' काहीतरी. कौतुकाने वाटायचं, पण 'आपल्याकडून'! इथे या बाई सांगत होत्या की तो ठेका त्यांच्या घरात होताच. हलगी त्यांची, ढोलकी त्यांची, एकतारी त्यांची. देऊळ तेवढं नव्हतं. आणि गायला देऊळ लागत नाही.

गंमत म्हणजे विरोध दुसऱ्या बाजूनेही येतो. मैत्रिणीचा धाकटा चुलतभाऊ कॉलेजात आहे, पुण्यात एका तरुण मंडळींच्या चर्चमध्ये गिटार वाजवतो. स्टेज, लाइट्स, पडद्यावर शब्द, हिंदी आणि इंग्रजी वर्शिप साँग्ज, एकेक गाणं दहा-दहा मिनिटं. त्याला टाळ-अभंग म्हणजे 'थोडं हिंदू-हिंदू' वाटतं. शिवाय स्लो. मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या गाण्यातही 'मी' आणि 'तू'च आहे की, आणि डोळे मिटून एकटाच तर असतोस तू तिथे, पाचशे लोकांत. त्याने विचार केला. 'हां, पण तिथे बेस गिटार आहे,' म्हणाला. प्रामाणिक उत्तर आहे. मला ते वर्शिप साँग ऐकवताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं.

पाच वाजले

पहाटे पावणेपाचला मैत्रिणीने मला हलवलं. नगरची जानेवारीतली थंडी म्हणजे सॉल्लिड. दोघी रजई ओढून मधल्या खोलीत, दाराच्या अलीकडे बसलो. आजींना माहीत होतं आम्ही आहोत ते. फोन आत चार्जिंगला होते. तसं कबूलच केलं होतं.

आजींनी तोंड धुतलं, डोक्यावरून पदर घेतला, पिशवीतून पुस्तक काढून मांडीवर ठेवलं. उघडलं. दिसत नसताना! पानांतून एक जुनं रेल्वेचं तिकीट आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका डोकावत होती. मग काही क्षण काहीच नाही. लांबून कुणाच्या तरी बुलेटचा आवाज.

मग सुरुवात झाली. आवाज मोठा नाही, गोडही नाही. खरं तर थोडा फाटलेला. रिॲलिटी शोचे जज पहिल्या ओळीलाच थांबवतील. पण घाई अजिबात नाही. एक कडवं झालं की थांबायचं. आणि थांबून हळू आवाजात एक नाव घ्यायचं. 'सुनबाईचं गुडघ्याचं ऑपरेशन.' पुढचं कडवं. 'शेजारची मोठी, तिची दहावी.' पुढचं कडवं. 'नातीचा फ्लॅटचा हप्ता, तिचं स्कूटरवरून येणं-जाणं.' मैत्रिणीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले, पण तिचा हात रजईत माझ्या हातावर होता. आणि मग ध्रुवपदानंतर, 'ही पुण्याची पोरगी, लिहिते म्हणे. हिला पक्की नोकरी लागू दे.'

माझ्या फ्रीलान्सिंगबद्दल आमच्या घरी जी चर्चा सहा वर्षं चालू आहे, ती एका ओळीत देवापर्यंत पोचली होती.

असं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पाच गीतं. शब्द एकदाही अडले नाहीत. मी चर्चमधलं गाणं याआधी ऐकलंय, गोव्यात, वांद्र्यात, एकदा नाताळच्या मध्यरात्री. तिथे मी कायम ऐकणारी असते, म्हणजे ऑडियन्स. इथे ऑडियन्सला जागाच नव्हती. ते आमच्यासाठी नव्हतं हे इतकं स्पष्ट होतं, की ऐकताना संकोच वाटत होता, कुणाचं तरी फोनवरचं बोलणं कानावर पडावं तसा.

ती चाल मात्र त्यांनी गायली नाही.

का, ते मैत्रिणीने मला नंतर मागच्या अंगणात सांगितलं. तिचे बाबा एप्रिल २०२१मध्ये गेले. दुसरी लाट. मैत्रीण स्वतः पुण्यात पॉझिटिव्ह, फ्लॅटमध्ये बंद. दफनाला मोजकी माणसं, पीपीई किट घातलेली, पाळकांची प्रार्थना पाच मिनिटांत उरकलेली. मराठी ख्रिस्ती मयतीत गाणं हे असतंच. घरापासून कबरस्तानापर्यंत माणसं गातात, माती लोटतानाही गातात. पण त्या दिवसांत गाणं म्हणजेच धोका होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२०मध्ये एका कॉयरच्या प्रॅक्टिसला ६१ जण जमले होते, एका आजारी गायकामुळे त्यातल्या पन्नासहून जास्त जणांना लागण झाली. तेव्हापासून जगभर चर्चमधलं गाणं बंद पडलं होतं. मुलाच्या मयतीला आजींनाही नेता येणार नव्हतं. कबरस्तानातून फोन आला की आता खाली ठेवतोय, तेव्हा आजींनी पुण्याला नातीला फोन लावायला सांगितला, फोन कॉटवर ठेवला आणि ते गीत त्यांच्या आईच्या चालीत पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलं. एकटीने. सगळ्या मंडळीचं गाणं एकटीने.

'मी पलीकडे म्यूटवर होते,' मैत्रीण म्हणाली. 'मला खोकला येत होता. तिच्या गाण्यात नको म्हणून म्यूट केलं.'

त्या दिवसानंतर आजींनी ते गीत घरात गायलेलं नाही. चर्चमध्ये लागलं तर गप्प बसतात. आणि मैत्रिणीला आठवते ती फोनमधून तुटक-तुटक आलेली चाल. नेटवर्क धड नव्हतं. अर्धं कडवं मधे गेलंय.

आता मला खरं विचाराल तर मी मैत्रिणीच्या बाजूची. रेकॉर्ड करायला हवं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे 'पुढच्या वेळी' फार नसतात. प्रार्थना आहे हे मान्य, पण टिळकांनी ती छापलीच ना? लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं म्हणून पुढे लिहून पूर्ण केलंच ना? गुपित ठेवायचं असतं तर आज ते कुणाला कळलं असतं? हे मी नाश्त्याला आजींना अगदी असंच विचारलं. त्यांनी माझ्या ताटात अजून एक धिरडं वाढलं.

'लिहून ठेवलं ते बरंच केलं. पण पोरी, पुस्तक उघडलं की लगेच गाता येतं का? बसावं लागतं.'

रविवार

नगरमध्ये रविवारी सकाळी चर्चला जाणारी माणसं दिसली की शहर वेगळंच वाटतं. कडक इस्त्रीचे शर्ट, काठाच्या साड्या, हातात बायबल आणि गायनाचं पुस्तक, मागे शाळकरी पोरांची रांग. ह्यूम मेमोरियल चर्चची दगडी इमारत मी बाहेरून बघितली. ह्यूम हे इथे पिढ्यान्‌पिढ्या काम केलेलं मिशनरी घराणं. आम्ही गेलो ते मात्र मैत्रिणीच्या मंडळीच्या साध्या, छोट्या चर्चमध्ये. पेटी, तबला आणि एक कीबोर्ड, जो तबल्याशी सारखा भांडत होता. पाळकांनी गीताचा नंबर सांगितला की पानांची जी सळसळ होते, ती मला फार आवडली. बायका पहिल्या ओळीला, पुरुष दुसऱ्या ओळीपासून, आणि मागच्या बाकावरचे काका संपूर्ण गीतभर अर्धी मात्रा मागे. आजी पहिल्या रांगेत, पुस्तक बंद, तोंडपाठ. लोकांत गातानाही त्या तशाच गात होत्या, हळू, आपल्यापुरतं.

प्रवचनाबद्दल काही लिहीत नाही. लांब होतं.

दुपारी जेवणं झाली. मैत्रीण भांडी घासत होती. घासता घासता ती गुणगुणायला लागली तेच गीत. मुद्दाम की नकळत, ते मी विचारलं नाही. पहिली ओळ बरोबर असावी, दुसऱ्या ओळीत ती अडली, यू-ट्यूबवाल्या चालीत घसरली, परत पहिल्यापासून आली. असं तीन वेळा. चौथ्या वेळी आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला.

'वर नाही जायचं तिथे. खाली उतर.'

मैत्रिणीने नळ बंद केला. 'कशी खाली?'

थोडा वेळ काहीच नाही. मग आजींनी ती एक ओळ म्हटली. फक्त एक. मैत्रिणीने म्हटली. आजी म्हणाल्या, 'अजून.' तिने परत म्हटली. 'हां. आता रोज म्हण. पाठ झाली की फोन कर, पुढची सांगते.'

माझा फोन तेव्हा माझ्या हातातच होता. बटण दाबायला अर्धा सेकंद लागला असता. नाही दाबलं.

चारच्या सुमाराला आम्ही निघालो. आजी फाटकापर्यंत आल्या, मैत्रिणीच्या हेल्मेटची पट्टी चाचपून बघितली, मला परत 'सलाम' केला. यावेळी मीही सलाम म्हटलं. सुपे मागे पडेपर्यंत मैत्रीण हेल्मेटच्या आत तीच एक ओळ म्हणत होती, मागे बसलेल्या मला ती वाऱ्यातून अर्धी ऐकू येत होती. शिक्रापूरला चहाला थांबलो तेव्हा ती कप हातात घेऊन पुटपुटत होती, 'वर नाही, खाली.' वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तिने आजींना फोन लावला. पलीकडून त्या म्हणाल्या, 'इतक्यात नाही झाली पाठ. उद्या पाचला कर.'